निकालात पहिले, पटावर रिकामे

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस शालान्त परीक्षेचा निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक मथळा ठरल्यासारखा असतो : कोकण विभाग राज्यात प्रथम. २०१२ साली कोकण विभागीय मंडळाचा पहिला निकाल जाहीर झाला. तेव्हापासून दहावीतील हे स्थान दुसऱ्या कोणत्याही विभागाकडे गेलेले नाही. २०२४ साली राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, कोकणचा ९९.०१ टक्के. २०२५ साली राज्य ९४.१० टक्क्यांवर उतरले, तरी कोकण ९८.८२ टक्क्यांवरच राहिले. यानिमित्त सत्कार होतात, अभिनंदनाचे ठराव होतात, आणि कोकणातील पालकांचे व शिक्षकांचे ऊर अभिमानाने भरून येते. ते योग्यच आहे.

परंतु त्याच आठवड्यांत त्याच कोकणात दुसरा एक हिशेब चालू असतो. येत्या वर्षी आठवीत किती मुले येतील, नववीचा पट विसावर टिकेल की नाही, गणिताचा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात जाईल काय, याचा तो हिशेब असतो. पहिल्या हिशेबाला मथळा लाभतो. दुसरा मुख्याध्यापकांच्या टेबलावरच राहतो. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत असे मानून आपण एकीकडे पाठ थोपटतो आणि दुसरीकडे कुलूप लावतो. वस्तुतः या दोहोंचे मूळ एकच आहे. कोकणच्या लोकसंख्येच्या ज्या घडणीतून हा उत्तम निकाल निघाला, त्याच घडणीतून रिकामे बाकही निघाले आहेत. हे ध्यानात न घेता शाळेची गुणवत्ता केवळ उत्तीर्णांच्या टक्केवारीने आणि शाळेची गरज केवळ पटाने मोजली, तर राज्यातील सर्वांत यशस्वी ठरलेली शाळाव्यवस्था आपण आपल्याच हातांनी मोडून बसू.

जनगणनेचा दाखला

कोकण विभागीय मंडळ म्हणजे सगळे कोकण नव्हे. ठाणे, पालघर व रायगड हे जिल्हे मुंबई विभागात मोडतात. कोकण विभागात रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत, आणि राज्याच्या नऊ विभागांत परीक्षार्थींच्या संख्येने तो सर्वांत लहान आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हे दोन्ही मिळून एकच रत्नागिरी जिल्हा होता. म्हणून या दोहोंचा विचार एकत्र करणे सयुक्तिक ठरते.

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. म्हणजे राज्य वाढत असताना या दोन जिल्ह्यांतून मिळून एक लाखाहून अधिक माणसे वजा झाली. रोगराई नाही, दुष्काळ नाही, पूर नाही, तरीही लोकसंख्या घटते ही गोष्ट आपल्या देशात दुर्मीळच म्हणावी लागेल. २०२१ ची जनगणना त्या साली झालीच नाही. त्यामुळे त्यानंतरचे चित्र अधिकृत आकड्यांत मांडता येत नाही. मात्र शाळांचे पट ही एक प्रकारची वार्षिक जनगणनाच असते, आणि ती घट थांबल्याची ग्वाही देत नाही.

दुसरा एक हिशेब पाहू. २०११ च्या गणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत या दोन जिल्ह्यांचा वाटा सुमारे २.२ टक्के होता. २०२४ साली राज्यात दहावीच्या परीक्षेला साडेपंधरा लाखांच्या आसपास नियमित विद्यार्थी बसले. त्यांत कोकण विभागाचे सुमारे सत्तावीस हजार होते, म्हणजे जेमतेम १.७ टक्के. साक्षरतेत हे जिल्हे मागासलेले नाहीत. २०११ साली सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक, तर रत्नागिरीची राज्याच्या सरासरीच्या जवळपास होती. तेव्हा मुले शाळा सोडतात म्हणून हा वाटा कमी भरला, असे मानण्यास आधार नाही. मुलेच कमी आहेत, हे त्याचे सरळ उत्तर होय.

मुले कमी असण्याची कारणेही दोन आहेत. जन्मच कमी होत आहेत, हे पहिले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आढळला. लोकसंख्या स्थिर राहण्यास तो सुमारे २.१ असावा लागतो. ही गोष्ट सबंध राज्याला लागू आहे. दुसरे कारण मात्र खास कोकणचे आहे, आणि ते अधिक खोल आहे.

चाकरमानी ते बिऱ्हाड

कोकणी माणूस मुंबईस जातो ही गोष्ट नवी नाही. गिरण्या, गोद्या, छापखाने, पोलीस दल, कचेऱ्या या सर्व ठिकाणी तो शतकाहून अधिक काळ गेला. परंतु जात होता तो एकटा. चाळीतल्या खोलीत गाववाल्यांसह राहावयाचे, खानावळीत जेवावयाचे, दरमहा मनिऑर्डर धाडावयाची आणि गणपतीस व शिमग्यास गावी यावयाचे, अशी त्या जीवनाची रीत होती. बायको, मुले व म्हातारी माणसे गावीच राहत. रत्नागिरी जिल्ह्यात १९९१ साली दर हजार पुरुषांमागे १,२०५ स्त्रिया होत्या. हा आकडा म्हणजे त्या रीतीचेच प्रतिबिंब होते.

पुढे हा आकडा उतरत गेला. २००१ साली तो १,१३६ झाला व २०११ साली १,१२२. सिंधुदुर्गात तो याच काळात १,१३७ वरून १,०७९ वर व तेथून १,०३६ वर आला. पुरुष गावी परतल्यानेही स्त्रियांचे प्रमाण उतरू शकते. परंतु पुरुष परतले असते तर लोकसंख्या वाढावयास हवी होती, ती तर घटली. तेव्हा याचा अर्थ असा निघतो की, आता स्त्रियाही जात आहेत आणि त्यांच्याबरोबर मुलेही जात आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर जुनी गिरणगावची नोकरी संपली. गिरगाव-परळची चाळ सुटली आणि विरार, नालासोपारा, डोंबिवली, दिवा, बदलापूर या बाजूंना स्वतःची लहानशी जागा घेण्याची धडपड सुरू झाली. २००१ ते २०११ या दशकात त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या छत्तीस टक्क्यांनी वाढली. त्या वाढीत सगळ्या देशाचा वाटा आहे, तसा तो कोकणचाही आहे. पूर्वी खोली होती, आता बिऱ्हाड आहे. चाकरमान्याचा मुलगा गावच्या शाळेत शिकत असे, बिऱ्हाडातला मुलगा तिकडच्या शाळेत जातो.

गावात जे उरले, त्यांचीही पांगापांग झाली आहे. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी अशा शहरांभोवती इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठी २०१२ चा कायदा झाल्यावर अशा शाळा काढण्याची वाट अधिक मोकळी झाली. ज्या घरात दरमहा रोख पगार येतो, त्या घरातील मूल सकाळी गाडीत बसून शहराकडे जाते. गावच्या माध्यमिक शाळेत उरतात ती शेतकऱ्याची, मोलमजुरी करणाऱ्याची, मच्छीमाराची मुले, सह्याद्रीच्या उतारावरील धनगरवाड्यांतून खाली उतरणारी मुले, आणि आंब्याच्या बागांत राखणीसाठी आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले. एके काळी गावातील सुखवस्तू व गरीब घरांतील मुले एकाच बाकावर बसत. आज पट घटला आहेच, पण पटाची जातकुळीही बदलली आहे. मागे उरलेल्यांमध्ये गरजवंतांचे प्रमाण वाढले आहे.

निकाल नेमका कशाचा?

मग प्रश्न असा की, अशा शाळांचा निकाल इतका चांगला कसा लागतो? यावर एक झटपट उत्तर दिले जाते : लहान शाळा, मोजकी मुले, म्हणून शंभर टक्के. या उत्तरात थोडे तथ्य आहे. आठ मुलांच्या वर्गात आठही उत्तीर्ण झाली तर निकाल शंभर टक्के, आणि एक अनुत्तीर्ण झाले तर तो एकदम साडेसत्त्याऐंशी टक्के. तेव्हा एकेका लहान शाळेच्या टक्केवारीवरून तिची थोरवी अगर नालायकी ठरवू नये, हे संख्याशास्त्राचा प्रारंभिक पाठ शिकलेला विद्यार्थीही सांगेल. परंतु सत्तावीस हजार विद्यार्थ्यांच्या सबंध विभागाचा निकाल दहा-बारा वर्षे सातत्याने वर राहतो, तो अशा योगायोगाने नव्हे.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, परीक्षाच सैल आहे, सगळीकडे निकाल फुगलेलाच आहे. यातही तथ्य आहे. शंभरांपैकी वीस गुण शाळेच्या हाती असतात. २०२१ साली साथीमुळे परीक्षाच झाली नाही व अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला. त्या साली राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला व कोकणचा तर पुरता शंभर टक्के. न झालेल्या परीक्षेतही प्रथम येणे हा निकालाच्या टक्केवारीचा मोठा गौरव म्हणता येणार नाही. परंतु २०१९ साल याच्या उलट साक्ष देते. त्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला होता व भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातचे गुण काढून घेण्यात आले होते. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर कोसळला. नागपूर विभाग ८५.९७ वरून ६७.२७ वर आला, म्हणजे जवळजवळ एकोणीस अंकांनी घसरला. कोकण विभाग ९६ वरून ८८.३८ वर आला. त्याची घसरण आठ अंकांहूनही कमी होती. पुढच्याच वर्षी ते गुण परत देण्यात आले आणि निकाल पुन्हा वर गेले. आधार काढून घेतला तेव्हा कोण किती उभा राहतो हे त्या एका वर्षी दिसले, आणि कोकण सर्वांहून बरा उभा राहिला. तेव्हा या निकालामागे काही सत्त्व आहे, हे मान्य केले पाहिजे.

ते सत्त्व कोठून आले? येथे आपल्या राज्यातील दुसऱ्या एका स्थलांतराशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतूनही माणसे दरवर्षी बाहेर जातात, ऊसतोडीला. तेथे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि ती जोडी दिवाळीच्या सुमारास निघते ती उन्हाळा लागता लागता परतते. मुले एक तर बरोबर जातात, नाही तर वृद्ध आजी-आजोबांच्या वा हंगामी वसतिगृहाच्या हवाली होतात. शाळेचे मुख्य सत्र आणि तोडणीचा हंगाम एकच असल्याने मुलाचे वर्ष मधोमध तुटते. कोकणातील पुरुष वर्षभर बाहेर राहिला, परंतु त्याने मुलाचे वर्ष तुटू दिले नाही. घर एका जागी राहिले, आई घरी राहिली, ती बहुधा चार इयत्ता शिकलेली होती, आणि महिन्याला थोडी का होईना पण रोख रक्कम येत राहिली. स्थलांतर दोन्हीकडे आहे. ते कोणत्या रीतीने होते, यावर मुलाचे शिक्षण ठरते.

याला जोड मिळाली ती परीक्षेविषयीच्या आस्थेची. जमीन थोडी, तीही डोंगरउताराची व भावकीत वाटली गेलेली. अशा मुलखात परीक्षा हीच बाहेर पडण्याची वाट असते. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी पायी घाट चढून साताऱ्यास गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले, ही हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्या मुलखाने परीक्षेकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे त्यातून दिसते. पुढे गावोगावच्या मंडळींनी शिक्षण प्रसारक मंडळे काढली, मुंबईकरांनी वर्गण्या गोळा केल्या, कोणी जागा दिली, कोणी चिरे दिले, कोणी श्रमदान केले, आणि वाडीवस्तीपासून चालण्याच्या टप्प्यात माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या. शासनाचे वेतन अनुदान मागाहून आले. मुळात या शाळा मनिऑर्डरीतून उभ्या राहिल्या आहेत.

येथेच या यशाचा दुखरा भागही आहे. शाळेने मुलाला उत्तीर्ण केले, म्हणजे गाव सोडण्यास समर्थ केले. दहावी-बारावीनंतर जे बाहेर गेले, त्यांतील बहुतेकांनी आपले बिऱ्हाड बाहेर थाटले आणि त्यांची मुले या शाळेच्या पटावर आलीच नाहीत. शाळा जितकी यशस्वी, तितकी ती पुढच्या पिढीतील आपलेच विद्यार्थी गमावते. हे केवळ कोकणातच घडले असे नाही. केरळातही शालान्त परीक्षेचा निकाल अलीकडे नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर असतो. तेथील पथनमथिट्टा जिल्हा शिक्षणासाठी व परदेशगमनासाठी प्रसिद्ध आहे, आणि २००१ ते २०११ या काळात त्याचीही लोकसंख्या घटली. कमी पटाच्या शाळांना तेथील सरकारी भाषेत न परवडणाऱ्या शाळा असेच नाव पडले होते. शिक्षणात पुढे, पटावर मागे, ही जोडी अशी अन्यत्रही आढळते.

पटाचा नियम

आता शासनाच्या नियमाकडे वळू. अनुदानित माध्यमिक शाळेस किती शिक्षक मिळावयाचे हे संचमान्यतेने ठरते, आणि संचमान्यता पटावर ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने हे निकष बदलण्यात आले. वीसहून कमी पटाच्या वर्गांना शिक्षक मिळणार की नाही, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. शिक्षक संघटनांनी व मुख्याध्यापकांच्या संघांनी त्यास तीव्र विरोध केला. त्यापूर्वी सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव क्षेत्रीय अधिकाऱ्यांकडून मागविण्यात आले होते. ते मुख्यतः प्राथमिक शाळांविषयी होते. परंतु प्राथमिक शाळेचा आजचा पट हाच माध्यमिक शाळेचा उद्याचा पट असतो, हे विसरून चालणार नाही.

पटाचा नियम दिसण्यात न्याय्य आहे. जितकी मुले तितके शिक्षक, यात वावगे काय? वावगे असे की, मुले तिसाऐवजी पंधरा झाली म्हणून विषय सहांचे तीन होत नाहीत. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे हे सारे शिकवावेच लागते. भूमितीचे प्रमेय पंधरा मुलांना समजावून देण्यास जितक्या तासिका लागतात, तितक्याच साठ मुलांना लागतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर शिक्षणाच्या खर्चातील मोठा भाग स्थिर स्वरूपाचा आहे, तो पटाबरोबर कमी-जास्त होत नाही. पटाच्या प्रमाणात शिक्षक कापले, की उरलेल्या शिक्षकांपैकी कोणी तरी आपला नसलेला विषय शिकवितो. विज्ञानाचा शिक्षक नसलेली शाळा निकालात वर राहीलही, कारण पस्तीस गुणांपुरते पाठांतर करून घेता येते. परंतु त्या मुलास पुढे विज्ञान शाखेत उभे राहणे जड जाईल. दहावीत पहिला येणारा कोकण स्पर्धा परीक्षांत का दिसत नाही, असा प्रश्न कोकणातच नेहमी विचारला जातो. त्याच्या उत्तराचा एक धागा येथे सापडण्याजोगा आहे.

कायद्याचे संरक्षणही या वयाच्या मुलांना अपुरे आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटापुरता आहे. त्याखालील राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या व उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. नववी-दहावीच्या मुलाला हा हक्क नाही. आणि कोकणात किलोमीटर हे माप फसवे असते. गाव एका जागी वसलेले नाही, ते वाड्यांत विखुरलेले आहे. दोन वाड्यांच्या मध्ये डोंगर असतो, वहाळ असतो, खाडी असते. नकाशावरचे तीन किलोमीटर श्रावणात साकव वाहून गेला की दहा होतात. अशा ठिकाणी शाळा हलविली तर सुखवस्तू घरातील मुलाचे काही बिघडत नाही, कारण ते आधीच गाडीने शहरात जाते. बिघडते ते धनगरवाड्यावरील मुलीचे. तिला एस.टी.चा प्रवास मोफत आहे, हे खरे. परंतु गाडी वाडीपर्यंत येत नाही, आणि २०२१-२२ च्या हिवाळ्यात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप महिनोन् महिने चालला तेव्हा ती रस्त्यापर्यंतही आली नाही.

काटकसर कोणाच्या खिशातून?

शासनाची अडचण काल्पनिक आहे असे नाही. शिक्षणावरील खर्चाचा मोठा हिस्सा वेतनावर जातो, आणि चाळीस मुलांसाठी पाच शिक्षक हे प्रमाण कोणत्याही अर्थखात्यास खुपणारच. दरडोई खर्च पाहिला तर लहान शाळा महाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु काटकसरीचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. शाळा बंद केली तरी सेवेतील अतिरिक्त शिक्षकाचे समायोजन अन्यत्र करावे लागते, त्याचे वेतन चालूच राहते. म्हणजे तत्काळ बचत फारशी होत नाही. उलट मुलांच्या प्रवासाचा खर्च, जाण्यायेण्यात जाणारे दोन-तीन तास, पालकाची बुडणारी मजुरी, हे सारे कुटुंबावर पडते. शासनाच्या जमाखर्चात ते दिसत नाही, कारण ते शासनाच्या खिशातून जात नाही. खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ श्रीमंत खात्यातून गरीब खात्यात वर्ग होतो.

शिवाय शाळा गेली की गावात राहण्याचे आणखी एक कारण जाते. मुले लहान असलेले जे थोडे तरुण जोडपे गावात टिकून आहे, त्याला आता तालुक्याच्या गावी तरी जावेच लागते. पट घटला म्हणून शाळा बंद आणि शाळा बंद म्हणून पट शून्य, असे हे चक्र आहे. एकदा गेलेली शाळा पुन्हा उघडणे सोपे नसते, कारण ती उभारणारी मुंबईकर मंडळींची पिढी आता राहिलेली नाही.

काय करता येईल?

सर्व शाळा आहेत तशाच जपाव्यात, असा येथे आग्रह नाही. जेथे दोन शाळा एकाच डांबरी रस्त्यावर हाकेच्या अंतरावर आहेत, आणि संस्थाचालकांच्या आपसांतील चुरशीखेरीज त्यांच्या वेगळेपणास कारण नाही, तेथे एकत्रीकरण व्हावे. संस्थांनीही यात मानापमान आणू नये. परंतु हा निर्णय पटावरून न करता वाटेवरून करावा. शिक्षण खात्याने प्रत्येक लहान माध्यमिक शाळेसाठी वाडीपासून पर्यायी शाळेपर्यंतचे पावसाळ्यातील प्रत्यक्ष चालण्याचे अंतर मोजावे. गावच्या तलाठ्यास व ग्रामपंचायतीस हे काम अवघड नाही. ज्या शाळेस असा सुरक्षित पर्याय नाही, तिला पट कितीही असो, मुख्य विषयांच्या शिक्षकांचा किमान संच हक्काने मिळावा.

दुसरे, जेथे पूर्ण वेळ शिक्षक देणे खरोखरच शक्य नाही, तेथे शेजारच्या तीन-चार शाळांत मिळून विज्ञान, गणित व इंग्रजी यांचे शिक्षक वाटून घ्यावेत. मुलांनी शिक्षकाकडे रोज आठ किलोमीटर जाण्याऐवजी शिक्षकाने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मुलांकडे जाणे अधिक शहाणपणाचे आहे. त्याच्या प्रवासभत्त्याचा खर्च मुलांच्या गळतीहून निश्चित स्वस्त पडेल. अतिदुर्गम वस्त्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे व मुलांचे वसतिगृह ही दुसरी वाट आहे. मात्र वसतिगृह आधी आणि शाळा बंद करणे नंतर, हा क्रम उलटा होता कामा नये.

तिसरे काम मंडळाचे आहे. निकालाबरोबर केवळ उत्तीर्णांची टक्केवारी जाहीर करण्याने शाळेचे खरे कार्य कळत नाही. पाचवीत दाखल झालेल्या दर शंभर मुलांपैकी किती दहावीच्या परीक्षेस बसली, कोणत्या विषयास पात्रताधारक शिक्षक होता व कोणत्या विषयास नव्हता, आणि उत्तीर्ण झालेली मुले अकरावीस कोठे गेली, एवढ्या तीन गोष्टी शाळावार प्रसिद्ध केल्या तरी पालकांना, शिक्षकांना व खुद्द शासनाला आजच्याहून कितीतरी अधिक समजेल. मग कोकणचा पहिला क्रमांक किती भरीव आहे हेही कळेल, आणि दुसऱ्या विभागांत अधिक कठीण परिस्थितीतील मुलांना शिकविणाऱ्या शाळांचे श्रेयही त्यांच्या पदरी पडेल. ऊसतोड कामगारांच्या मुलांना ऐंशी टक्क्यांवर नेणारी शाळा शहाण्णव टक्क्यांच्या शाळेहून कमी मोलाची आहे, असे कोणत्याही विचारी माणसास वाटणार नाही.

चौथी गोष्ट शासनाने करण्याजोगी नाही, ती कोकणवासीयांची आहे. ज्या मंडळांनी पूर्वी शाळा बांधल्या, त्यांच्या बैठका आजही मुंबई-ठाण्यात होतात, परंतु वर्गणी बहुधा देवळाच्या जीर्णोद्धारास व पालखीस जाते. देवळास देऊ नये असे नाही. पण गावच्या शाळेस ग्रंथालय, प्रयोगशाळेचे साहित्य व मानधनावर एखादा शिक्षक देणे हे त्या मंडळांच्या आवाक्यातील काम आहे. ज्यांनी त्या शाळेच्या दाखल्यावर मुंबई गाठली, त्यांचे ते देणेही आहे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या मुलांची संख्या थोडी आहे म्हणून त्यांचा हक्क थोडा होत नाही. एखाद्या वाडीवरून नववीत जाणारी पाचच मुले असतील, तर त्या पाचांना शिकविण्याची जबाबदारी पाचशेंना शिकविण्याइतकीच राज्याची आहे. पुढच्या वर्षी पुन्हा निकाल लागेल आणि पुन्हा कोकण प्रथम असल्याची बातमी बहुधा येईल. त्या दिवशी अभिनंदनाचा ठराव करणाऱ्यांनी त्याच बैठकीत एवढेच विचारावे की, ज्या शाळांनी हा निकाल दिला त्यांपैकी किती शाळांना येत्या जूनमध्ये गणिताचा शिक्षक आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत ठराव तहकूब ठेवला तरी चालेल.